आठ वाजताचं रक्त

७ जानेवारी

ही वही भिंगरीनं आणून दिली. रोज भट्टीतून काय निघालं, कसं निघालं, काय बिघडलं, सगळं लिहायचं अशी तिची आज्ञा आहे. मी म्हटलं, आजवर सगळं डोक्यातच ठेवत आलोय. ती म्हणाली, डोकं तुझं आहे, पण बेकरी पुढे माझी होणार आहे. ही मुलगी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. इथे बाप मीच असल्यामुळे मुकाट्यानं लिहायला बसलो आहे.

तर नोंद अशी. पुढच्या महिन्यापासून नदीपलीकडच्या मोठ्या हॉटेलला रोज पाव द्यायचे आहेत. ऑर्डर भिंगरीनं मिळवली, बोलणी तिनं केली आणि मळणीही तीच सांभाळणार आहे. वय बावीस. भिंगरी हे नाव तिनं स्वतः कमावलेलं आहे. चालायला लागल्यापासून तिला एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही.

आमचा दिवस उलटा असतो. लोक दिवे मालवतात तेव्हा आम्ही भट्टी पेटवतो. लोक कामाला निघतात तेव्हा आम्ही जाड पडदे ओढून झोपतो. दुपारी चारचा चहा ही आमची सकाळ. ही वही त्या चहाबरोबर लिहिली जाईल.

११ जानेवारी

आज पूर्ण घाणा तिच्या एकटीच्या हातचा. वरचा पापुद्रा तांबूस, आत जाळी बारीक, मीठ नेमकं. मी लांबून बघत होतो. मीठ तिनं काट्यावर तोललं, आणि मळून झाल्यावर कच्च्या पिठाचा छोटा तुकडा जिभेवर ठेवून डोळे मिटले. हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं, मी तिला. हवा बदलते, मैदा बदलतो, काट्याला ते कळत नाही. शेवटी जीभ सांगेल ते करायचं.

ही म्हणाली, डोळे मिटते तेव्हा अगदी तुमच्यासारखी दिसते, बिचारी. ही म्हणजे भिंगरीची आई. गल्ल्यावर बसते, आणि गिऱ्हाइकांना हसून झाल्यावर जे उरतं ते माझ्या वाट्याला येतं.

२४ जानेवारी

मास्तर पाव परत घेऊन आले. निवृत्त शिक्षक, बेकरी उघडल्या उघडल्या येणारं पहिलं गिऱ्हाईक. पीठ मळलंत की समुद्रात बुचकळलंत, असं गल्ल्यावर विचारून गेले. मी तुकडा खाऊन पाहिला. खारट. शिवाय पाव बसका. मीठ जास्त झालं की खमीर दबतं.

भिंगरीला बोलावलं. तिनं माझ्यादेखत अख्खा पाव खाल्ला आणि म्हणाली, चांगला तर झालाय.

हॉटेलचं दडपण आलं असणार. लक्ष उडालंय.

२८ जानेवारी

एप्रनची नाडी तिला आता कमरेभोवती दोनदा गुंडाळावी लागते. हे हिच्या लक्षात आलं, माझ्या नाही. मी म्हटलं, मळणीचं काम आहे, चरबी राहीलच कशी. तिच्या वयात मीही काटकुळाच होतो. ही म्हणाली, अकलेनं अजून तसेच आहात.

३ फेब्रुवारी

हॉटेलचा पहिला माल गेला. भिंगरी टेम्पोबरोबर स्वतः गेली आणि परत येऊन जिना चढताना मध्येच बसली. दम लागला म्हणाली. आनंदानं पाय गळतात कधीकधी.

१० फेब्रुवारी

आजचं लिहू नये असं वाटतंय, पण वहीचा नियम आहे.

हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याचा फोन आला. दोन दिवसांचा माल खारट आहे, तिसऱ्या दिवशीही असाच आला तर दुसरी बेकरी बघू. मी आत गेलो तर भिंगरी मिठाच्या बरणीशी उभी. तळहातावर मीठ घेऊन चाटत होती. माझं डोकं फिरलं. जनावरासारखं काय चाटतेस, म्हणालो. जीभ बधिर झालीय का तुझी, आपल्या नावाला काळं फासशील, असंही बोललो. कामगारांसमोर बोललो.

ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. हात झाडला आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, मला खरंच कळत नाहीये. मला ते अळणीच लागतं."

आजपासून मीठ मी तोलून पुड्या बांधून देणार. तिनं फक्त पुडी सोडायची आणि ओतायची. चव बघायची नाही. बरणी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली आहे. तिथे स्टूल घेतल्याशिवाय तिचा हात पोचत नाही.

१५ फेब्रुवारी

पुड्यांपासून पाव सुधारला. आचारी खूश. मास्तर म्हणाले, समुद्र आटला म्हणायचा.

भिंगरी पीठ फुगायला ठेवलं की मैद्याच्या पोत्यांवर आडवी होते. पूर्वी त्या वेळात ती साचे घासायची, गाणी म्हणायची, कामगारांच्या नकला करायची. आज उठवायला गेलो तर दोनदा हाक मारावी लागली. रागावली आहे माझ्यावर, हे उघड आहे.

१८ फेब्रुवारी

हिनं आज माझ्यासमोर भिंगरीचे दोन्ही हात धरून उलटे केले. तळहाताच्या रेषा काळसर झाल्यात. बोटांच्या पेरांवरही. साबणानं घासले, लिंबानं घासले, जात नाही म्हणते. हिरड्यांवरही डाग आलेत. मी म्हटलं, भट्टीसमोर उभं राहून माणूस रापणारच, माझे हात बघ. हिनं माझे हात बघितले. तुमचे भाजलेत, म्हणाली, हे वेगळं आहे.

परवा एका गिऱ्हाईक बाईंनी भिंगरीला विचारलं होतं, सुट्टीवर समुद्रकिनारी जाऊन आलीस वाटतं, छान रंग आलाय. भिंगरी म्हणाली, हो ना, आमच्याकडे रोज रात्री ऊन पडतं. बाई हसल्या. मीही हसलो.

२१ फेब्रुवारी

हिच्या हट्टापुढे हात टेकले. भिंगरीला कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. तरुण आहे, नवीन आहे, आमचाच पाव खातो. नर्सनं रक्तदाब घेतला, मग यंत्र बदलून पुन्हा घेतला. इतका कमी सहसा खेळाडूंचा असतो, असं डॉक्टर म्हणाला. मी सांगितलं की ती रोज पोतंभर मैदा मळते, खेळाडूच समजा.

थकव्यासाठी प्रयोगशाळेत एकत्र तपासण्या होतात, त्या लिहून दिल्या आहेत. थायरॉईड, रक्त, जीवनसत्त्वं, आणखी एकदोन. उपाशीपोटी आणि बरोब्बर आठ वाजता रक्त द्यायचं.

२३ फेब्रुवारी

रात्रभर मळणी करून भिंगरी तशीच रांगेत उभी राहिली. रक्त काढणाऱ्या माणसाला शीर सापडेना. ती म्हणाली, दादा, खमीर घालून बघा, फुगेल. तो इतका हसला की त्याला थोडं थांबावं लागलं. घरी येताना माझा दंड धरून चालत होती. लहानपणानंतर पहिल्यांदाच.

२५ फेब्रुवारी

रिपोर्ट आले. दोन आकड्यांपुढे बाण होते, एक वर, एक खाली.

वरचा बाण थायरॉईडचा. डॉक्टरनं चांगलं समजावलं. गळ्यातली ग्रंथी आळसावली की मेंदू तिला मोठ्यानं हाका मारतो, हा आकडा म्हणजे ती हाक. थकवा, मरगळ, सगळं यात बसतं. रोज एक गोळी घ्यायची, की झालं.

खालच्या बाणाशी मात्र तो अडला. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांचं संप्रेरक सकाळी आठच्या सुमारास सगळ्यात जास्त असायला हवं, आणि भिंगरीचं फारच कमी आलंय. त्यानं मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी लिहायला घेतली होती. पेनाचं टोपणही काढलं होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमची सकाळ आठला होते. आमची चारला. तुम्ही तिचं रक्त तिच्या झोपायच्या वेळी घेतलंय."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. म्हणाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. रात्री काम करणाऱ्यांचं आतलं घड्याळ फिरलेलं असतं, त्यांच्यात हा आकडा असा येऊ शकतो. आठवडाभर रात्री झोपून, दिवसा जागून मग पुन्हा तपासू. तोवर हा आकडा धरायचा नाही. थायरॉईडची गोळी मात्र लगेच सुरू.

टोपण परत पेनाला लागलं. मला उगाच खोटं लिहायचं नाही, बरं वाटलं. आयुष्यभर लोकांनी विचारलं की हे उलटं जगणं कशाला, आज त्याचा उपयोग झाला. येताना मी हिला ही गोष्ट दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ही म्हणाली, ऐकलं.

आठवडाभर रात्री झोपायचं म्हणजे हॉटेलचा माल कोण काढणार? मी म्हटलं, महिनाअखेरचं गिऱ्हाईक एकदा होऊन जाऊ दे. भिंगरीही तेच म्हणाली. आधी मी म्हटलं, मग ती.

२ मार्च

गोळीचं काम मी माझ्याकडे घेतलं आहे. चारला तिला उठवतो, हातावर गोळी ठेवतो, अर्धा पेला पाणी देतो, ती गिळेपर्यंत समोर उभा राहतो. मग अर्धा तास चहा नाही. त्या अर्ध्या तासात आम्ही दोघं खिडकीशी बसतो. बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी नीट बोलतेय. पलीकडचं रिकामं दुकान घेऊन भिंत पाडायची म्हणते, काचेची भट्टी करायची म्हणते, लोकांना पाव फुगताना दिसला पाहिजे. मी म्हटलं, लोकांना तू दिसशील. म्हणाली, मग तर रांगच लागेल.

गुण येतोय गोळीचा. आज परवापेक्षा तरतरीत होती.

९ मार्च

तरतरी टिकली नाही. सकाळपासून उलट्या. उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते. छातीत धडधडतं म्हणते. डॉक्टरला फोन केला. गोळीचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, थोडी मात्रा वाढवून बघू, असं त्यानं सांगितलं. ती दुसरी तपासणी झाली का, विचारत होता. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हटलं.

संध्याकाळी ही तिला लिंबूपाणी देताना दिसली. पेल्याच्या तळाशी मिठाचा थर. मी रागावलो. पोट बिघडलंय, त्यात एवढं मीठ? ही माझ्याकडे न बघता म्हणाली, "मागतेय ती. मागतेय ते द्यावं."

मी म्हटलं, मागते म्हणून तिला भट्टीतही बसवशील. पेला मोरीत ओतला.

१२ मार्च

नवी मात्रा सुरू. गोळी उलटीत पडली तर पुन्हा देतो. अंगात कणकण आहे. कामावर येऊ नको म्हटलं तर ऐकत नाही. तू पुड्या बांधतोस, मी निदान सोडते तरी, म्हणाली. हसून म्हणाली की कसं, हे मला कळलं नाही.

१४ मार्च

रुग्णालयातून लिहितो आहे. वही एप्रनच्या खिशात होती.

आज उजाडताना भट्टी रिकामी केली, मी टेम्पोत ट्रे चढवत होतो. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. भिंगरी मळायच्या खोलीत खाली पडलेली होती. अंग थंड, ओठ पांढरे, डोळे उघडे पण ओळख नाही. ही अनवाणी खाली आली. टेम्पोतले पाव काढून रस्त्यावर ठेवले आणि तिला त्यातूनच आणलं.

कोपऱ्यातलं स्टूल ओढून फळ्यांखाली आणलेलं होतं. तिथे तिला काय हवं होतं कुणास ठाऊक.

१५ मार्च

इथे ग्रंथींच्या डॉक्टरबाई आहेत. वयानं माझ्याएवढ्या, कमी बोलतात. त्यांनी भिंगरीचे हात बघितले, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, मग हिला विचारलं, मीठ खूप मागते का? ही फक्त मान हलवत राहिली. त्यांनी रक्त काढायला लावलं आणि रिपोर्टची वाट न बघता लगेच इंजेक्शन दिलं. सलाईनची बाटली स्वतः लावली. मी विचारलं, त्यात काय आहे? म्हणाल्या, मिठाचं पाणी.

थायरॉईडची गोळी बंद करायला सांगितली. मी आजची खिशात घेऊन आलो होतो.

संध्याकाळी भिंगरीनं डोळे उघडले. ही औषधं आणायला खाली गेली होती, मी एकटाच होतो.

"बाबा, माझा घाणा कुणी काढला?"

"मी."

"फुगला?"

"फुगला म्हणजे काय, साच्याबाहेर आला."

"आणि मीठ?"

"बरोबर होतं," मी म्हटलं. "अगदी बरोबर होतं."

तिनं डोळे मिटले, पिठाची चव घेताना मिटते तसे. खरं म्हणजे तिचं शेवटचं पीठ परातीतच राहिलं. फुगून फुगून खाली बसलं असेल.

डॉक्टरबाई म्हणाल्या, उशीर बराच झालाय, मूत्रपिंडं थकलीत, छातीतही संसर्ग आहे. पण बोलली हे चांगलं.

१७ मार्च

भिंगरी गेली.

२६ मार्च

भट्टी बंद आहे. इतकी थंड भट्टी मी पाहिलेली नाही. हात आत घातला तर काहीच नाही.

आम्ही आता रात्री झोपतो, म्हणजे पडून असतो. ही माझ्याशी बोलत नाही. भांडत नाही, टोमणा मारत नाही. ताट वाढते, समोर ठेवते.

दुपारी चार वाजता मी उठून अर्धा पेला पाणी भरतो. मग लक्षात येतं. आज ही समोर होती. तिनं पेला माझ्या हातातून घेतला आणि खिडकीतल्या कुंडीत ओतला.

२९ मार्च

फोनवर प्रयोगशाळेचा निरोप आला. आपला रिपोर्ट तयार आहे, कृपया घेऊन जावा. भिंगरीच्या नावापुढे कुमारी लावलंय. इंजेक्शनच्या आधी काढलेलं रक्त होतं ते, काही तपासण्या बाहेर पाठवल्या होत्या म्हणे.

मी जाऊन घेऊन आलो. तसेच दोन बाण. यावेळी खालचा आकडा इतका लहान आहे की त्याला आकडा का म्हणायचं.

२ एप्रिल

डॉक्टरबाईंकडे गेलो. ही येणार नाही असं वाटलं होतं, पण मी पायात चपला घालेपर्यंत ही दारात येऊन उभी राहिली.

मी दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले, फेब्रुवारीचा आणि हा. म्हटलं, मला वाचून दाखवा. आता काही उपयोग नाही, तरी वाचून दाखवा.

त्यांनी कागद शेजारी शेजारी लावले. थायरॉईडच्या आकड्यावर बोट ठेवलं. हा एकटा वाचला तर कोणीही थायरॉईडच म्हणेल, म्हणाल्या. पण मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी सुकत चालल्या की हाही आकडा वर चढतो, आणि त्या ग्रंथींचं औषध सुरू केलं की बऱ्याचदा आपोआप खाली येतो. म्हणून आधी खालचा बाण बघायचा, मग वरचा. आधी त्या ग्रंथींची गोळी, मग थायरॉईडची. तिच्या शरीरानं स्वतःच त्या ग्रंथींवर हल्ला केला होता, आधीपासून, कित्येक महिने. हे या नव्या रिपोर्टात आलंय. हा आजार विरळा असतो, पण गोळ्या घेऊन माणसं म्हातारी होतात.

मी विचारलं, थायरॉईडच्या गोळीनं काय केलं? त्यांनी फेब्रुवारीचा कागद जवळ ओढला. मग म्हणाल्या, ती गोळी शरीराचा वेग वाढवते. वेग वाढला की त्या संप्रेरकाची गरज वाढते, आणि तिच्याकडे ते जवळजवळ उरलंच नव्हतं.

"जळण नसलेल्या भट्टीला भाता मारल्यासारखं," मी म्हटलं.

"हो. तसंच."

रंगाचंही त्यांनी सांगितलं. मेंदू त्या ग्रंथींना हाका मारत राहतो, आणि त्या हाका कातडीलाही ऐकू जातात, ती काळवंडते. भट्टीच्या धगीनं हाताच्या रेषा काळ्या होत नाहीत, हिरड्या तर नाहीतच. आणि मीठ शरीरात टिकत नव्हतं. लघवीवाटे वाहून जात होतं, म्हणून ती मागत होती.

म्हणजे तिची जीभ बिघडलेली नव्हती. ती सांगत होती ते खरं होतं.

मग मला विचारायचं होतं ते विचारलं. त्या डॉक्टरच्या हातात चिठ्ठी होती. पेन उघडलेलं होतं. मी बोललो नसतो तर?

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तर त्यांनी तिला कदाचित माझ्याकडे पाठवलं असतं. खोटं बोलून तुमचं समाधान करणार नाही. पण तुम्ही सांगितलंत तेही खोटं नव्हतं. रात्री जागणाऱ्यांचा हा आकडा खाली येतो. म्हणून आकडा एकटा वाचायचा नसतो. माणूस समोर बसवून वाचायचा असतो, आणि शंका आली तर थांबायचं नसतं. ते काम आमचं होतं, तुमचं नव्हतं."

मी मान हलवली. आमच्या धंद्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर तयार होतं. थकवा रात्रीचा, बारीक झाली ती मळणीनं, रंग भट्टीचा, आकडा उलट्या दिवसाचा. मिठाचं तेवढं उत्तर नव्हतं, तर मी ते वरच्या फळीवर ठेवलं.

रस्त्यावर आल्यावर ही बोलली. सतरा तारखेनंतर पहिल्यांदा. "मी सगळ्यांना सांगत होते, ती मागतेय," म्हणाली. सगळ्यांना म्हणाली. फक्त तुम्हाला, असं म्हणू शकली असती.

५ एप्रिल

कोपऱ्यावरचा डॉक्टर दारात येऊन उभा होता. मोठ्या रुग्णालयातून त्याला कळवलं असणार. आत ये म्हटलं तर आला नाही. तोही कुणाचा तरी मुलगा आहे. मी म्हटलं, भट्टी सुरू झाली की पाव न्यायला येत जा. रडायला लागला. ही आतून पाण्याचा पेला घेऊन आली आणि त्याच्या हातात दिला.

११ एप्रिल

भट्टी पेटवली. हॉटेलची ऑर्डर गेली, ते ठीक झालं. फक्त आमच्या गल्लीपुरता एक घाणा.

मैदा चाळला, मीठ काट्यावर तोललं, मळलं. मग सवयीनं तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. काहीच कळेना. खारट नाही, अळणी नाही, पीठ आहे की कागद तेही नाही. वडिलांच्या हाताखाली उभा राहिल्यापासून ही जीभ मला कधी निरुत्तर करून गेली नव्हती. मी परातीशी तसाच उभा राहिलो.

ही कधी आली ते कळलं नाही. मळायच्या खोलीत ही सहसा पाऊल टाकत नाही, पीठ नाकात जातं म्हणते. तिनं परातीतला तुकडा तोडला, तोंडात टाकला, विचार केला. मग स्टूल ओढलं, वर चढली, बरणी काढली आणि मूठभर मीठ पिठात टाकलं.

"अगं, फार होईल," मी म्हटलं.

"तिला एवढं लागायचं," ही म्हणाली, आणि बाह्या वर करून मळायला लागली. मी दुसऱ्या बाजूनं हात घातले.

पाव बसका झाला. व्हायचाच होता. उजाडल्यावर मास्तर आले. त्यांना हिनं काही सांगितलं नाही, पाव फक्त कागदात गुंडाळून दिला. ते दारातच उभे राहून एक तुकडा तोडून खाऊ लागले, नेहमीसारखे. चावायचे थांबले. आता काहीतरी खवचट बोलणार म्हणून मी वाट बघितली. त्यांनी उरलेला पाव पुन्हा कागदात नीट बांधला, पिशवीत ठेवला, आणि हिला म्हणाले, "उद्या दोन ठेवा. असलेच."

आता चार वाजलेत, चहा झाला. उद्याच्या पुड्या बांधलेल्या नाहीत. मिठाची बरणी खालच्या फळीवर आणून ठेवली आहे, स्टुलाशिवाय हात पोचेल तिथे.